मरीयेचा नववा महिना

काका, असं कुणी करतं का?

नाताळ तोंडावर आलेला, फेरीची घरं ठरलेली, आणि तुम्ही गाणं सातव्या महिन्यात सोडून निघून गेलात. दुपारी पेटी काढलीत, दोन सूर धरलेत, 'जरा पाठ टेकतो' म्हणालात, आणि टेकलीत ती टेकलीत. येणारे-जाणारे म्हणतात, पुण्यवान माणूस, झोपेत गेला. मी मान डोलावते. पण खरं सांगायचं तर मला तुमचा राग येतोय, आणि तो अजून कमी होत नाहीये. गेलेल्या माणसावर रागवावं की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही आणि कॉलेजात हे शिकवत नाहीत.

तुमच्या पाळकसाहेबांनी प्रार्थनासभेत तुमच्याविषयी सगळं नीट सांगितलं. नगरजवळचं गाव, कारखान्यातली स्टोअरची नोकरी, मंडळीतली पेटीची सेवा. सगळं बरोबर होतं. फक्त तुम्ही माणसाला किती वैताग आणायचात, ते त्यांनी सांगितलं नाही. तेवढं मी सांगते.

पहिल्या दिवसापासून सुरुवात होती. आम्ही तुर्भ्याची एक खोली सोडून नेरूळच्या या बिल्डिंगीत आलो ते वर्ष. आप्पा मार्केटात गोण्या वाहतात, त्यामुळे जिना, गॅलरी, दाराला बेल, हे सगळं आम्हाला नवीन होतं. समोरच्या दारावर साळवे अशी पाटी. डिसेंबर सुरू झाला आणि त्या दारावर कागदाची मोठी चांदणी लटकलेली. आईला चैन पडेना.

"दिवाळी हून म्हैना उलटला, आन् ह्येंचा कंदील अजून वरच," ती म्हणाली. "काढायला मानूस न्हाय वाटतं घरात."

आणि चांगुलपणानं तुमच्या दारात जाऊन म्हणाली, "भाऊजी, माझी पोरगी स्टुलावर चढंल. कंदील उतरवून द्यायला सांगू का?"

तुम्ही हसला नाहीत. तोंड अगदी गंभीर करून म्हणालात, "वहिनी, आत्ताच तर चढवलाय. आमची दिवाळी जरा लेट असते. या आत, करंज्या तळतायत."

आई ताट घेऊन परत आली. करंज्या, शंकरपाळे, चार अनारसे. एक करंजी मोडून तिनं सारण बोटावर घेऊन पाहिलं. "आपल्यावानीच हाय की," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला थोडी निराशाच ऐकू आली. ताट रिकामं परत देत नाहीत म्हणून तिनं शेंगदाण्याचे लाडू वळले. ते तुम्हाला इतके आवडले, की त्यानंतर तुमच्या घरातून आमच्या घरी वाटी जरी आली, तरी तुम्ही स्वतः आणून द्यायचात आणि वाटी परत मिळेपर्यंत दारातच उभे राहायचात. मी अभ्यासाला बसलेली असायचे. तुम्हाला त्याचं काही नसायचं.

आणि तुमची ती नाताळच्या आधीची, घरोघर गाणी म्हणायची फेरी! दुसऱ्या चर्चच्या मंडळ्या एका संध्याकाळी दहा-बारा घरं करतात. सुनील तुम्हाला हे दरवर्षी सांगायचा. तुमचा मुलगा असून तो तुमच्याहून शहाणा होता, निदान घड्याळाच्या बाबतीत. तुमची तीन घरं होईपर्यंत लोकांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होऊन पानं वाढायची वेळ यायची. आधी सतरंजी. मग पेटी. मग ढोलकी तुमच्या मनासारखी लागेपर्यंत ठोकाठोक. मग निरूपण. कीर्तनकार तरी बरे, त्यांना देऊळ बंद व्हायची भीती असते. मग चहा. आणि गाणं सुरू झालं की एकेक ओळ अशी लांबवायची, की ऐकणाऱ्यानं मधे जाऊन दूध उतरवून यावं.

"पप्पा, जरा फास्ट घ्या ना," सुनील गिटार मांडीवर घेऊन म्हणायचा.

"फास्ट कशाला? बस पकडायचीय का तुला?"

"लोकांना कंटाळा येतो."

"लोकांना नाही, तुला येतो. लोकांच्या नावावर खपवू नकोस."

मग तुम्ही आणखी हळू म्हणायचात. मुद्दाम. मला पेटीवर बसवायला लागलात तेव्हा माझंही तेच. बोटं जरा पळाली की तुम्ही पेटीवरच टिचकी मारायचात. "कुठं निघाली सुरेखाबाई? सूर तिथंच आहे. तो कुठं जात नाही."

पण माझं खरं भांडण पाळण्यापासूनचं आहे.

पुढच्या वर्षी तुम्ही फेरी आमच्या घरी आणलीत. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेलं कुणी नाही, त्यामुळे आपलं घर, आपली माणसं, आपली भाषा यांविषयी मी त्या वर्षी फार धास्तावलेली असायचे. एवढी माणसं घरात येणार, आई काय बोलेल, आप्पा बनियनवर बसतील का, याच चिंतेत मी होते. आप्पांनी शर्ट घातला. गावी भजनात बसायची सवय, त्यामुळे त्यांनी आल्या आल्या झांजा मागून घेतल्या आणि मांडी ठोकून बसले. मला बरं वाटलं. आई चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

तुम्ही निरूपण केलंत. सरकारनं माणसं मोजायला काढली. मरीया आणि योसेफ आपल्या मूळ गावी निघाले. लांबची वाट. मरीयेचे दिवस भरत आलेले. तुम्ही ते इतकं छान सांगितलंत, की आईनं चहा खाली उतरवला. मग तुम्ही पेटीवर सूर धरून स्वतःचा पाळणा सुरू केलात. आपल्या बारशाच्या चालीचा, जो बाळा जो जो म्हणणारा. पहिलं कडवं झालं आणि आई म्हणाली,

"थांबा. थांबा जरा."

ढोलकीवाल्याचा हात वरच राहिला.

"भाऊजी, बाळ कधी जन्माला यायचंय?"

"पंचवीस तारखेला, वहिनी."

"आज काय हाय?"

"आज वीस."

"मग पाळना कसा काय म्हनताय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आईकडे डोळे मोठे करून बघत होते. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

तुम्ही चष्मा वर सरकवलात. "वहिनी, जन्म झालाय हो. दोन हजार वर्षं होत आली."

"झाला असंल तर हे चार दिस वाट कुनाची बघताय? आन् वाट बघताय तर पाळना कसा हलवताय? रिकामा पाळना हलवत न्हाईत. वंगाळ असतं. माझ्या सासूनं मला बाळाचं अंगडंसुदिक आधी शिवू दिलं न्हवतं."

मागे कुणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खरोखरच विचारलंत, "मग काय म्हणू?"

"डोहाळं म्हना. आत्ता तुमीच सांगितलंत, बाईचं दिस भरल्यात आन् ती परमुलखाला चालत निघालीया. तिला कुनी इचारलं का, बाई, तुला काय खावंसं वाटतंय?"

तुम्ही पेटीकडे बघत बसलात. मग म्हणालात, "नाही. नाही विचारलं." आणि त्या संध्याकाळी पुढच्या घरांत तुम्ही पाळणा म्हटलाच नाहीत. सुनीलनं गिटारवर इंग्रजी गाणी म्हटली, आणि त्या वर्षी फेरी पहिल्यांदा वेळेवर संपली.

मला वाटलं होतं, विषय संपला. पण तुमच्याकडे विषय कधी संपायचे? पंचवीस तारखेला सकाळी तुमच्या दारात आईनं स्वतः पाळणा म्हटला, अगदी पुढे होऊन, आणि पदर सावरत घरी आली. तिच्या मागोमाग तुम्हीच. म्हणालात, "वहिनी, पहिल्या महिन्यात काय होतं?"

तिथून दोन वर्षं. दोन वर्षं तुम्ही मरीयेचे डोहाळे रचत होतात. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, आईची भाकरी थापून व्हायच्या आत, एकेक महिना. आईला मजा यायची, ते ती कबूल करणार नाही. मला पलीकडे बसून अभ्यास करायचा असायचा, आणि कानावर काय पडायचं?

"तिसऱ्यात आंबट लागतं. चिंच म्हना. कैरी म्हना."

"त्या देशात चिंच नसते, वहिनी. तिकडं अंजीर, खजूर, ऑलिव्ह."

"त्ये काय असतं?"

"असतं आपलं. आवळ्यासारखं."

"मग आवळाच म्हना की! उगा बाईला नसतं खायला घालू नका."

आवळा ठरायला आठवडा लागला.

तिसऱ्या मासी मरीयेला गोड लागेना अन्न,
आवळ्याच्या फोडीवर गुंतलं तिचं मन.

दुसऱ्या महिन्यावरून तर अबोला झाला होता. शुभवर्तमानात आहे म्हणून मरीयेला तुम्ही अगदी सुरुवातीलाच डोंगराकडच्या गावी, अलिशिबेकडे पाठवलंत. आई म्हणाली, दुसऱ्या महिन्यात कोण माहेरी जातं, सातव्यात जातात. तुम्ही म्हणालात, अलिशिबा माहेरची नाही, नातेवाईक आहे. आई म्हणाली, बाईला जिथं रडता येतं ते माहेर. त्यावर तुम्ही उठून गेलात, ते चार दिवस आला नाहीत. पाचव्या दिवशी उंबऱ्यावर बसून, कुणाकडेही न बघता, म्हणून दाखवलंत:

दुसऱ्या मासी मरीया गेली डोंगराच्या वाटे,
अलिशिबेच्या दारी तिला हसू-रडू दाटे.

आईनं तव्यावरची भाकरी तुमच्या हातात दिली.

आणि कागदावर लिहायचं नाही, हा तुमचा हट्ट! मी किती वेळा म्हटलं, काका, सांगा, मी उतरवून घेते. "गाणं तोंडात राहिलं तर जिवंत राहतं" म्हणे. तोंडच राहिलं नाही तर काय करायचं, ते सांगितलं नाहीत.

एक गोष्ट मात्र मला नीट सांगायची आहे, कारण ती मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. बारावीनंतर आप्पांना वाटत होतं मी कॉमर्स घ्यावं आणि बँकेत लागावं. मला मराठी घ्यायचं होतं आणि ते सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही आमच्या घरी येऊन आप्पांना म्हणालात, "पाटील, पोरीला मराठी घेऊ द्या. माझं गाणं दुरुस्त करायला कुणीतरी शिकलेलं पाहिजे." आप्पा हसले. आणि माणूस हसला की त्याचं नाही म्हणणं मोडतं, हे तुम्हाला माहीत होतं. मी आज जिथे आहे ती त्या हसण्यामुळे. पण मग खरोखर दुरुस्त करायला गेले, तर एक शब्द हलवू द्यायचा नाहीत! "छान आहे, सुरेखाबाई. पण पुस्तकी आहे." दर वेळी. एक अक्षर नाही घेतलंत माझं.

या वर्षी दिवाळीनंतर सातवा महिना झाला.

सातव्या मासी मरीयेला वाकवेना खाली,
शेजारणीनं घागर तिची उचलून दिली.

तो मला सगळ्यात आवडतो. आठवा सोडून द्यायचा होता, आठव्यात ओटी भरत नाहीत म्हणून. उरला नववा. आणि तिथे तुम्ही दोघांनी मिळून जो खोळंबा केलात, त्याला तोड नाही.

"ओटी भरल्याबिगर डोहाळं संपत न्हाईत," आई म्हणाली.

"तिची ओटी कुणी भरली नाही, वहिनी. तिला जागासुद्धा दिली नाही कुणी. शास्त्रात तसंच आहे. जे झालं नाही ते मी कसं गाऊ?"

"मग नवव्या महिन्याच्या बाईला उपाशी ठेवून तुमी घरोघर च्या पिनार?"

"मी खोटं गाणार नाही."

"मग मी अर्धं गानार न्हाय."

तुम्ही उठून गेलात. रोज मी विचारायचे, काका, नववा झाला का? "उद्या." दुसऱ्या दिवशी, "सुचतंय." तिसऱ्या दिवशी, "गाणं घाईनं बाळंत होत नाही." हे शेवटचं वाक्य तुमचं तुम्हालाच फार आवडलं होतं. दोनदा म्हणालात.

आणि मग तुम्ही गेलात.

त्या दिवसांविषयी मला फार लिहिता येत नाही. कबरस्तानात मी पहिल्यांदाच आले होते. बाकी सगळे गात होते आणि आप्पा झांजा नसलेले हात तसेच एकमेकांवर धरून उभे होते.

चार-सहा दिवसांनी काकू म्हणाल्या, फेरी होणार. आई त्यांच्यावर चिडली. माझ्या आईला माणसावर चिडल्याशिवाय माया करता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

"सुतकात गानं म्हनायचं?"

"आमच्यात सुतक नसतं, ताई."

"आमच्यात असतं. भाऊजी काय नुसतं तुमचंच हुतं?"

काकू म्हणाल्या, "मग तुमचं सुतक फिटेपर्यंत थांबू." नाताळच्या अगदी अलीकडच्या तीन संध्याकाळी ठरल्या. पाळकसाहेब म्हणाले, डोहाळ्यांचं गाणं राहू द्या, अपुरं आहे, सुनील गिटारवर म्हणेल ती म्हणू. ते बरोबरच बोलत होते. पण यंदा ते गाणं राहिलं असतं, तर कायमचं राहिलं असतं, हे मला कळत होतं. ते कागदावर नव्हतं. थोडं आईच्या डोक्यात होतं, थोडं माझ्या बोटांत. पुढच्या वर्षापर्यंत त्यातलं किती उरलं असतं? मी म्हटलं, मी नववा महिना पुरा करते. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला अजून कळत नाही.

केलं मी. देवदूत आणले. सोन्याच्या ताटात ओटी भरली. वृत्त अगदी चोख होतं. तुमच्या घरी काकूंसमोर आणि आईसमोर म्हणून दाखवलं. आई म्हणाली, "देवदूतांनी कधीपास्नं ओट्या भराया सुरुवात केली?" सुनील खिडकीत बसून गिटारच्या तारा पिळत होता, तोही हसला. मला रडू यायला लागलं. तुम्ही असता तर पुस्तकी म्हणाला असता, आणि ते खरं होतं, याचाच जास्त राग आला.

काकू तांदूळ निवडत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, "त्यांना नववा महिना यायचाच नव्हता, ताई."

"का वो?"

"माझ्या नवव्यात ते घरी कुठं होते? डिसेंबर होता. पेटी घेऊन फेरीवर, या गावाहून त्या गावाला. सुनील पोटात. सासूबाई नव्हत्याच. मी पाण्याला गेले आणि परत येताना वाटेत कंबर धरून बसले. उठताच येईना. एक बाई शेळ्या घेऊन चालली होती. ना ओळख ना पाळख. ती थांबली. म्हणाली, भाकर खाशील का? तिच्या फडक्यात होती. अर्धी मोडून माझ्या पदरात टाकली. मी खाईपर्यंत उभी राहिली आणि गेली."

"कोन हुती?"

"कुणास ठाऊक. नाव विचारायचं राहिलं." काकूंनी एक खडा बाजूला टाकला. "शास्त्रात नाही म्हणून झालं नाही, असं ते म्हणायचे. त्या शेळ्यावालीचं तरी कुठं लिहिलंय? बेथलेहेमच्या वाटेला बायका नसतील का?"

सुनीलचा हात तारेवरच थांबला होता. "मम्मी, हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"आन् भाऊजींना?" आईनं विचारलं.

"त्यांनी तरी कुठं विचारलं?"

काका, आता तुम्हीच सांगा, मी काय करू तुमचं? दोन वर्षं तुम्ही आमच्या उंबऱ्यावर बसून बाईला कुठल्या महिन्यात काय होतं ते विचारत राहिलात. अलिशिबेपाशी पोचलात. त्या देशातली झाडं धुंडाळलीत. आणि जिन्यापलीकडे दोन ढांगांवर, तुमच्याच घरात, तुमच्यासाठी करंज्या तळणाऱ्या बाईला एकदा विचारलं नाहीत, की तुझा नववा महिना कसा गेला. एवढं साधं! तुमच्या सगळ्या गाण्याचं कारण माझ्या आईचा एक प्रश्न होता, मरीयेला कुणी विचारलं का. आणि तुम्ही? कदाचित विचारायची तुम्हाला भीती वाटत असेल. आपण तेव्हा कुठे होतो हे आठवत असेल. मला माहीत नाही. मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे, असं काही म्हणायचा मला अधिकार नसेल. पण तुम्ही विचारायला हवं होतं. काकूंनी सांगितलं असतं. त्या वाट बघत होत्या, असं मला त्यांच्या आवाजावरून वाटलं.

मी पेटी ओढली. कडवं रचायला बसले नव्हते. काकूंनी जे सांगितलं तेच चालीवर धरून पाहिलं, आणि ते बसलं.

नवव्या मासी वाटेवर धरली तिनं कंबर,
अनोळखी बाई पुसे, खाशील का गं भाकर?

आई म्हणाली, "पदरात भाकर पडली, ओटी भरली." तिच्यापुरता विषय मिटला. काकू म्हणाल्या, "पुन्हा म्हण. जरा हळू." तुमच्यासारखंच, अगदी तुमच्यासारखंच. मी चिडून हळू म्हटलं.

आता फेरीचं ऐका, म्हणजे तुमच्या गाण्यानं काय गोंधळ घातला ते कळेल.

पहिलंच घर तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींचं. नववा महिना म्हणून झाला आणि आजी ताडकन उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं, रडायला गेल्या. त्या दोन भाकरी आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या ओढणीत टाकून म्हणाल्या, "घे बाई. एवढं गाऊन मागितलंस, नाही कसं म्हणू?"

"आजी, आम्ही मागत नाही, गाण्यात..."

"असू दे, असू दे. भुकेला लाजू नये."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी बातमी आमच्या आधी पोचलेली, तवा तापलेला. शिरवणे गावात तुमच्या कारखान्यातल्या दोस्ताकडे गेलो, तर त्याची आई गाणं पुरं होऊच देईना. "कंची पोर उपाशी हाय रं? ही घ्या, तांदलाची हाय, गरम हाय. आदी खावा, मंग बोंबला." पलीकडच्या नव्या सोसायटीत एका बाईंच्या घरी भाकरी नव्हती. त्या इतक्या ओशाळल्या, की ब्रेडचा अख्खा पुडा काढून दिला. सुनील म्हणाला, "पप्पांनी फेरीची भिक्षा करून ठेवली." पण गिटारचं कव्हर त्यानंच रिकामं केलं आणि भाकऱ्या त्यात रचल्या. गिटार खांद्यावर उघडीच. तीन संध्याकाळी आमची घरं वेळेत झाली नाहीत. एकही संध्याकाळ नाही. तुम्ही नसतानासुद्धा उशीर केलातच.

काल शेवटची संध्याकाळ होती. काकू फेरीला आल्या नव्हत्या, पाय चालत नाहीत म्हणाल्या. आम्ही सगळे परत त्यांच्याकडे गेलो आणि सतरंजीवर भाकऱ्या काढल्या. ज्वारीच्या, बाजरीच्या, तांदळाच्या, काही जाड, काही करपलेल्या. आई घरून ठेचा घेऊन आली. तुम्ही गेल्यापासून काकू चहात बिस्किट बुडवून दिवस काढतायत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर बोलायचं कसं ते कुणालाच माहीत नव्हतं. जिला सगळ्यावर बोलता येतं त्या आईलासुद्धा नाही.

काकूंनी एक भाकर उचलली. उलटीपालटी करून पाहिली.

"ही कुणाच्या घरची?"

सुनीलनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. एवढ्या घरांत कुणी काय दिलं ते कुणाला आठवत होतं? "माहीत नाही, काकू," मी म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. अर्धी मोडली, ठेच्याला लावली आणि सावकाश, सगळी खाल्ली. मग उरलेली अर्धीही खाल्ली.

आता सांगा, काका. यात खोटं कुठे होतं?